आधी पेज, मग होम

बसअड्ड्यावरच्या पाटीवर गावांची नावं ज्या क्रमाने रंगवलेली असतात, त्या क्रमाने गाड्या सुटत नाहीत. हे कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या गौलीगुड्याच्या जुन्या अड्ड्यावर, निजामाच्या विमानांसाठी १९३० च्या सुमारास आणवलेल्या त्या पोलादी हँगरखाली, नांदेड-देगलूर-उदगीरच्या गाड्यांची वाट बघण्यात हैदराबादच्या मराठी माणसांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी निजामाची रस्तेवाहतूक सुरू झाली, १९९४ मध्ये मुख्य अड्डा इमलीबनला हलला, आणि २०१८ च्या जुलैत ते हँगरही कोसळलं. पाटी वाचणाऱ्याच्या सोयीची असते. गाडी सुटते ती डेपोतून आली, ड्रायव्हर-कंडक्टर चढले, म्हणजे जे जे लागतं ते जमलं, की मग. पण तोच माणूस संगणकाच्या प्रोग्रामसमोर बसला की वरून खाली वाचत जातो आणि धरून चालतो, की यंत्रही वरून खालीच जाणार.

बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत त्याचं हे गृहीतक खरं ठरतं. एक्सएसएलटीत ठरत नाही, आणि म्हणून ही भाषा शिकणारे बरेच जण पहिल्याच आठवड्यात वैतागतात.

एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएल दस्तऐवजाचं दुसऱ्या रूपात परिवर्तन करणारी भाषा. तिच्यात लिहिलेल्या प्रोग्रामला शैलीपत्रक म्हणजे स्टाइलशीट म्हणतात. संशोधनपत्रिकेतला लेख एका शैलीपत्रकातून वेबपान होतो आणि दुसऱ्यातून छपाईची प्रत होतो. एका कंपनीची ऑर्डर दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला कळेल अशा साच्यात बसवण्याचं काम तर हैदराबादच्या आयटी कचेऱ्यांत रोजचं आहे. जेम्स क्लार्कच्या संपादनाखाली भाषेची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आली. दुसरी २००७ मध्ये आणि तिसरी २०१७ मध्ये, दोन्ही मायकेल के यांच्या संपादनाखाली. वंशाने ती डीएसएसएसएल नावाच्या जुन्या प्रमाणभाषेची लेक, आणि डीएसएसएसएलचा पाया स्कीम या फंक्शनल भाषेचा. व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत पुढे बदलता येत नाही, हा घराण्याचा गुण डीएसएसएसएलकडून आलेला.

या भाषेबद्दल एक वाक्य सर्रास ऐकू येतं: ‘इथे अंमलाला क्रमच नसतो.’ मला ते अर्धवट वाटतं, आणि अर्धवट असल्यामुळे घातक. क्रम इथेही असतो. एक नव्हे, तीन असतात. लिहिण्याचा क्रम, गरजेचा क्रम आणि निकालाचा क्रम. नेहमीच्या भाषांत हे तिन्ही एकाच दोरीत वळलेले असतात, म्हणून वेगळे दिसत नाहीत. एक्सएसएलटी ती दोरी उसवते. गरजेचा आणि निकालाचा क्रम ती कसोशीने पाळते. लिहिण्याच्या क्रमाला मात्र, काही अपवाद सोडले तर, भाव देत नाही. हा भेद आपल्याकडच्या एका जुन्या शास्त्राने फार बारकाईने केलेला आहे, आणि एक्सएसएलटीची मॅन्युअलं चाळण्यापेक्षा तिथून आत शिरणं मला सोपं वाटतं.

ते शास्त्र म्हणजे पूर्वमीमांसा. तिच्या पाठ्यपुस्तकांत एक उदाहरण ठरलेलं आहे. वेदात अग्निहोत्राचा होम करण्याचं वाक्य आधी येतं, आणि यवागू, म्हणजे पातळ पेज, शिजवण्याचं वाक्य नंतर. ओळीने जायचं तर आधी होम, मग पेज. पण होमात घालायची ती तीच पेज! ती शिजलेलीच नसेल तर होम कशाचा करणार? आणि होम उरकल्यावर शिजवली तर ती कुणाच्या कामाची? तेव्हा मीमांसक सांगतात, की इथे पाठक्रम सोडा आणि अर्थक्रम धरा. आधी पेज, मग होम. सतराव्या शतकातल्या आपदेवाच्या ‘मीमांसान्यायप्रकाशा’त हा विचार नेटका मांडलेला आहे. आपदेव पैठणच्या एकनाथांच्या वंशातला मानला जातो, आणि त्याच्या या ग्रंथावर पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांची ‘प्रभा’ ही टीका आहे. म्हणजे हा सगळा मामला तसा घरचाच. क्रम ठरवण्याची सहा प्रमाणं मीमांसकांनी मांडली: श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. पहिलं दुसऱ्यापेक्षा बलवान, दुसरं तिसऱ्यापेक्षा, अशी ही उतरंड आहे. ‘हे करून मग ते कर’ असं वेदच स्पष्ट सांगत असेल तर ती श्रुती, आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. त्याखालोखाल अर्थ, म्हणजे कशाला काय लागतं. पाठ त्याच्याही खाली.

आता एक्सएसएलटीतल्या ग्लोबल व्हेरिएबलकडे बघा. शैलीपत्रकाच्या वरच्या पातळीवर व्हेरिएबल मांडताना कुठलं आधी आणि कुठलं नंतर, याने काहीच बिघडत नाही. दहाव्या ओळीतल्या व्हेरिएबलला दोनशेव्या ओळीतल्याची किंमत लागत असेल तर प्रोसेसर, म्हणजे शैलीपत्रक चालवणारं सॉफ्टवेअर, दोनशेव्या ओळीतलं आधी काढून घेतो. तक्रार तो एकाच बाबतीत करतो: पहिल्याला दुसरं लागतं आणि दुसऱ्याला पहिलं, असा फेरा पडला तर. तिथे कुठलाही क्रम लावला तरी पेज शिजणार नाही, म्हणून ती चूक. टेम्प्लेटच्या आतल्या लोकल व्हेरिएबलचं थोडं वेगळं आहे. ती जिथे मांडली त्याच्या पुढच्या भागालाच दिसतात, त्यामुळे वापर वर आणि मांडणी खाली असं चालत नाही. पण हा नियम दिसण्याचा आहे, करण्याचा नव्हे. वर मांडलेल्या व्हेरिएबलची किंमत प्रोसेसर तिथल्या तिथे काढेल, पहिल्यांदा लागेल तेव्हा काढेल, किंवा लागलीच नाही तर कधीच काढणार नाही.

‘कधीच काढणार नाही’ या शक्यतेचा झटका कामात बसतो. कुणी व्हेरिएबलच्या पोटात, तपासणीपुरता, पडद्यावर निरोप छापणारा मेसेज टाकतो. शैलीपत्रक चालवतो. निकाल बरोबर येतो, निरोप मात्र उमटतच नाही. किंवा तीन निरोप उमटतात ते तिसरा, पहिला, दुसरा या क्रमाने. नवखा माणूस प्रोसेसरमध्ये दोष आहे म्हणून मोकळा होतो. दोष नसतो. त्या व्हेरिएबलची किंमत पुढे कुणी मागितलीच नव्हती, आणि न मागितलेलं काम न करण्याची मुभा प्रोसेसरला आहे.

हे जरा जवळून बघू. आमच्या भागात, गौलीगुड्याला लागून असलेल्या जांबागेत, १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीचा पसारा आहे, आणि हाकेच्या अंतरावर सुलतान बाजार. जुन्या मराठी ग्रंथांचे साठे याच टापूत. समजा, अशा एखाद्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही एक्सएमएलमध्ये उतरवली आहे. प्रत्येक ‘पुस्तक’ टॅगमध्ये दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, पानं. (टॅगची नावं देवनागरीत ठेवायला एक्सएमएलची काहीच हरकत नसते. आपणच ती इंग्रजीत ठेवतो, सवयीने.) नोंदवहीचा क्रम अर्थातच पुस्तक ज्या दिवशी आलं त्याचा, त्यामुळे सेतुमाधवराव पगडींची पुस्तकं पाच ठिकाणी विखुरलेली. आपल्याला हवी आहे लेखकवार छापील यादी: लेखकाचं नाव एकदा ठळक, त्याखाली त्याची सगळी पुस्तकं.

नेहमीच्या भाषांतून आलेला माणूस असा विचार करतो: पुस्तकं लेखकाच्या नावाने लावून घेऊ, एकेक छापत जाऊ, आणि मागच्या पुस्तकाचा लेखक वेगळा असेल तेव्हाच नाव ठळक छापू. लावून घ्यायला सॉर्ट आहेच. ‘मागचं पुस्तक’ मिळवायला प्रिसीडिंग-सिब्लिंग नावाची वाटही आहे. तो लिहितो, चालवतो, आणि पगडींचं नाव यादीत पाच वेळा ठळक छापून येतं. कारण ती वाट ज्या ‘मागच्या’कडे नेते ते नोंदवहीतलं मागचं पुस्तक. यादीत लागलेलं मागचं नव्हे, आणि नुकतंच छापून झालेलं तर नव्हेच. ‘नुकतंच छापून झालेलं’ अशी वस्तूच या भाषेत नाही. तयार होत असलेल्या निकालाकडे वळून बघायची खिडकी तिने मुळातच ठेवलेली नाही. ठेवली असती, तर कुठला भाग आधी तयार झाला हे शैलीपत्रकाला कळलं असतं, आणि मग तो क्रम बदलण्याचं प्रोसेसरचं स्वातंत्र्य संपलं असतं.

पहिल्या आवृत्तीच्या काळात यावर तोडगा काढला ओरॅकलमधल्या स्टीव्ह मुएंचने. ‘की’ नावाच्या सोयीने लेखकवार सूची बांधायची, आणि प्रत्येक पुस्तकाला विचारायचं, ‘तुझ्या लेखकाच्या गठ्ठ्यातलं पहिलं पुस्तक तूच का?’ जे हो म्हणेल त्याच्यापाशी लेखकाचं नाव छापायचं आणि खाली त्याचा सगळा गठ्ठा. पाहिल्यावर ही युक्ती तिरपागडी वाटते. माझ्या मते मात्र या भाषेची नस तिच्यात सापडते. ‘मी आत्ता काय केलं’ हा प्रश्न टाकून तिने ‘हे पुस्तक कोण आहे’ हा प्रश्न घेतला. पहिल्याचं उत्तर कामाच्या क्रमावर अवलंबून असतं, दुसऱ्याचं दस्तऐवजावर. २००७ च्या आवृत्तीत गट पाडायला फॉर-ईच-ग्रुप हा वेगळा आदेशच आला आणि मुएंचच्या युक्तीची गरज उरली नाही. तरी शिकणाऱ्याने ती एकदा हाताने लिहून बघावी.

पानांच्या बेरजेचीही तीच कथा. शिकवणीवर्गांत फॉर-ईच म्हणजे ‘लूप’ असं सांगून मोकळे होतात, आणि पोरं बाहेर बेरीज शून्य मांडून आत ‘बेरीज म्हणजे बेरीज अधिक पानं’ असं लिहितात. पहिल्या आवृत्तीत असं लिहिणं हीच चूक धरली जाते. दुसरीपासून ते चालतं, पण आतलं ‘बेरीज’ हे प्रत्येक पुस्तकासाठी नवं, वेगळं व्हेरिएबल असतं. बाहेरचं शून्य शेवटपर्यंत शून्यच. फॉर-ईच हा लूप नाहीच. ‘या प्रत्येकासाठी हे’ एवढंच तो सांगतो, ‘एकानंतर एक’ असं नाही. सातव्या पुस्तकाचं काम तिसऱ्याच्या आधी झालं तरी चालेल. सातव्याला आपण सातवं आहोत हे ठाऊक असतं, आणि निकालात ते सातव्याच जागी बसतं. मायकेल के यांच्या सॅक्सन या प्रोसेसरच्या एंटरप्राइज आवृत्तीत तर फॉर-ईचला एक जोडसूचना देऊन ते काम अनेक थ्रेडवर एकाच वेळी चालवता येतं, आणि छापून येणाऱ्या यादीत एका अक्षराचाही फरक पडत नाही. निकालाचा क्रम पक्का, कामाचा मोकळा.

या मोकळेपणासाठी भाषेने किती बारीकसारीक भोकं बुजवली आहेत ते पाहिलं की रचनाकारांचं कौतुक वाटतं. घड्याळाचंच घ्या. दुसऱ्या आवृत्तीपासून शैलीपत्रकात ‘आत्ता किती वाजले’ हे विचारता येतं, पण एका परिवर्तनात कितीही वेळा विचारलं तरी उत्तर तेच मिळतं, सेकंदाच्या अंशापर्यंत तेच. परिवर्तनाच्या आत वेळ पुढे सरकतच नाही. सरकली असती तर दोन ठिकाणी वेळ विचारून कुठलं काम आधी झालं ते ओळखता आलं असतं. तसंच फायलींचं. एकाच परिवर्तनात एका पत्त्यावर दस्तऐवज लिहायचा आणि त्याच पत्त्यावरून वाचायचा, ही चूक ठरवली आहे, कारण वाचताना जुना मिळाला की नवा, यावरून क्रम फुटला असता. क्रम कळेल अशी प्रत्येक फट लिंपली, म्हणून क्रम बदलण्याची मुभा खरी ठरली. नुसतं ‘क्रमावर विसंबू नका’ असं बजावून भागलं नसतं, माणसं विसंबतातच.

यामागचं गणित जुनं आहे. १९३६ मध्ये अलॉन्झो चर्च आणि बार्कली रॉसर यांनी लॅम्डा कॅल्क्युलस या फंक्शनल भाषांमागच्या गणिताबद्दल सिद्ध केलं, की एकाच पदावलीचं सुलभीकरण वेगवेगळ्या क्रमांनी केलं आणि ते शेवटाला पोचलं, तर शेवट एकच असतो. त्यातलं ‘पोचलं तर’ महत्त्वाचं. एका क्रमाने गेलं तर काम संपेल, दुसऱ्याने गेलं तर अनंत फेऱ्यात अडकेल, असं होऊ शकतं. न लागणाऱ्या व्हेरिएबलच्या पोटात स्वतःलाच हाका मारत कधीच न थांबणारं रिकर्शन असेल, तर आळशी प्रोसेसर सुटतो आणि उत्साही प्रोसेसर फसतो. तेव्हा ‘क्रम कुठलाही असो, फळ एकच’ हे आश्वासन फळ मिळालं तर ते एकच, एवढ्यापुरतं आहे.

मीमांसक आणि एक्सएसएलटी इथवर हातात हात घालून आले. पण जिथे गरजेचं नातंच नाही, दोन कर्मांपैकी कुठलंही आधी केलं तरी चालण्यासारखं आहे, तिथे मीमांसक म्हणतो: मग पाठाच्या क्रमाने कर. एक्सएसएलटी म्हणते: मग क्रमच नाही. हा फरक मला मुळातला वाटतो. यज्ञ काळात घडतो. ऋत्विजाला हात दोनच, आणि काहीतरी आधी करावंच लागतं. ठरवून दिलं नाही तर तो प्रत्येक वेळी वेगळं करील, आणि कर्म बिघडलं की नाही हा वाद कायमचा मागे लागेल. दस्तऐवजाच्या परिवर्तनात मधल्या पायऱ्या कुणी बघत नाही. त्याच्या दोन फांद्यांना एकमेकींची खबर नसते, आणि त्या एकाच वेळी करायला चार-आठ हात तयार असतात. म्हणून दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि एक्सएसएलटी कुठे वापरू नये हेही यातून कळतं. आधी खात्यातून पैसे वळते कर, मग पावती पाठव, मग साठा कमी कर, अशी जगात काही घडवणारी कामं तिच्या गळ्यात मारणं म्हणजे तिने बुजवलेली भोकं पुन्हा पाडणं. असे उद्योग मी पाहिले आहेत. जावात लिहिलेलं फंक्शन बाहेरून जोडायचं, त्यात लपवलेला आकडा दर हाकेला एकने वाढवायचा, आणि अनुक्रमांक मिळाले म्हणून खूश व्हायचं. प्रोसेसरची नवी आवृत्ती येते, तो दोन सारख्या हाकांची एक हाक करतो, आणि अनुक्रमांकांची खिचडी होते.

अपवाद म्हणालो होतो, त्यातल्या एकावर माझा खरा राग आहे. शैलीपत्रकात टेम्प्लेट असतात: दस्तऐवजात असा भाग आला तर असं कर, हे सांगणारे नियम. एकाच भागाला दोन नियम लागू पडले तर? पहिली चाळणी आयातीची: आयात करून घेतलेल्या शैलीपत्रकातला नियम आयात करणाऱ्याच्या नियमापुढे हरतो. दुसरी प्राधान्याच्या आकड्याची. आपण आकडा दिला नाही तर भाषा स्वतःच देते: ‘कुठलाही टॅग’ म्हणणाऱ्या नियमाला उणे ०.५, ‘पुस्तक’ असं नाव घेणाऱ्याला ०, आणि ‘ग्रंथालयातलं पुस्तक’ किंवा ‘भाषा नोंदवलेलं पुस्तक’ अशी अट घालणाऱ्याला ०.५. म्हणजे जितका नेमका, तितका बलवान. आपल्या वैयाकरणांच्या भाषेत, उत्सर्गापेक्षा अपवाद बलवान. पण ‘ग्रंथालयातलं पुस्तक’ आणि ‘भाषा नोंदवलेलं पुस्तक’ हे दोन्ही ०.५ वर बरोबरीत आले, आणि एखादं पुस्तक दोन्हीत बसलं तर? पहिल्या आवृत्तीने सांगितलं, की ही चूक आहे. पण प्रोसेसरला ती चूक जाहीर करायची नसेल तर त्याने शैलीपत्रकात जो नियम सगळ्यात शेवटी येतो तो घ्यावा.

पाणिनीने नेमकं हेच सांगून ठेवलेलं आहे. दोन तुल्यबळ सूत्रं भिडली तर अष्टाध्यायीतलं पुढचं सूत्र घ्यावं, असा त्याच्या नियमाचा परंपरेने लावलेला अर्थ आहे. पण परंपरा तिथे थांबली नाही. काशीत राहिलेला, आडनावाने काळे, असा नागेशभट्ट ‘परिभाषेंदुशेखरा’त उतरंड मांडतो: आधीच्यापेक्षा पुढचा नियम बलवान, त्यापेक्षा नित्य (दुसरा लागो न लागो, लागणारा), त्यापेक्षा अंतरंग (आतल्या निमित्तावर उभा), आणि सगळ्यांवर अपवाद. (हाच ग्रंथ फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना संपादून इंग्रजीत नेला.) या उतरंडीत लिहिण्याचा क्रम जवळजवळ तळाशी आहे. सूत्रांचा क्रम एका माणसाने विचारपूर्वक लावलेला असूनही वैयाकरणांना तो एकटा पुरेसा वाटला नाही. मग पाच जणांनी पाच वर्षांत वाढवलेल्या शैलीपत्रकात ‘शेवटचा नियम जिंकतो’ हा निवाडा कसा चालावा? कुणीतरी फाइल नीटनेटकी करायची म्हणून टेम्प्लेट अकारविल्हे लावतो, एकाही नियमाचा मजकूर बदलत नाही, आणि निकाल बदलतो. मागच्या दाराने पाठक्रम परत आलेला असतो. तिसऱ्या आवृत्तीने तर ‘शेवटचा घ्या’ हीच नेहमीची वागणूक ठरवून टाकली. मला हे पाऊल मागे पडल्यासारखं वाटतं. एवढं बरं, की तिनेच मोडच्या, म्हणजे नियमांच्या संचाच्या, घोषणेत ऑन-मल्टिपल-मॅच नावाची कळ दिली. ती ‘फेल’वर ठेवली की बरोबरी होताच परिवर्तन थांबतं आणि प्राधान्याचा आकडा माणसालाच लिहावा लागतो. मी प्रत्येक शैलीपत्रकात ती तशीच ठेवतो, आणि सहकाऱ्यांची बोलणी खातो.

आता मीमांसेतली जी चर्चा मला सगळ्यात मोलाची वाटते, तिच्याकडे येतो. वाजपेय यज्ञात प्रजापतीसाठी सतरा पशू असतात, आणि प्रत्येकावर एकामागून एक अनेक संस्कार करायचे असतात. मग एका पशूवर सगळे संस्कार संपवून दुसऱ्याकडे वळायचं, की एक संस्कार सतराही पशूंवर करून मग पुढचा संस्कार घ्यायचा? पहिल्या रीतीला कांडानुसमय म्हणतात, दुसऱ्या रीतीला पदार्थानुसमय. मीमांसक इथे दुसरी घेतात. वर असंही सांगतात, की पहिला संस्कार कुठल्याही पशूपासून सुरू करा, वेदाने काही ठरवलेलं नाही. पण एकदा ज्या क्रमाने केलात तोच क्रम पुढच्या प्रत्येक संस्काराला ठेवा, म्हणजे प्रत्येक पशूच्या दोन संस्कारांमध्ये सारखंच अंतर पडेल. हा प्रवृत्तिक्रम: सुरुवात मनमानी, पण नंतर इमानदारी.

एक्सएसएलटीच्या माणसाला हे वाचून दचकायला होतं. दोन वेगवेगळ्या फायलींतल्या नोंदी एकत्र केल्या तर दस्तऐवजक्रमाने, म्हणजे मूळ दस्तऐवजातल्या क्रमाने, कुठल्या फाइलच्या नोंदी आधी? प्रमाणग्रंथाचं उत्तर असं: ते प्रोसेसरने ठरवावं, पण एकदा ठरवलं की त्या परिवर्तनात शेवटपर्यंत तेच पाळावं. थेट प्रवृत्तिक्रम. आणि कांडानुसमय-पदार्थानुसमयाचा वाद तर आजही शैलीपत्रकं लिहिणाऱ्यांत चालू आहे. आधी सगळ्या नोंदींची शुद्धी, मग सगळ्यांचे गट, मग सगळ्यांची मांडणी, असे एकावर एक हात फिरवायचे. की एक नोंद घेऊन ती शुद्धीपासून मांडणीपर्यंत एकदम तडीस न्यायची? मी पदार्थानुसमयवाला आहे. प्रत्येक हाताचा निकाल वेगळा काढून तपासता येतो, आणि कुठल्या संस्कारात घोटाळा झाला ते सापडतं. इथून शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीच्या हैदराबाद विद्यापीठात, संस्कृत अध्ययन विभागात अंबा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संसाधनी’ ही संस्कृतच्या संगणकीय विश्लेषणाची साधनं उभी केली. संधिविच्छेद, पदांचं रूपविश्लेषण, वाक्यातली नाती, अशी एकेका कामाची वेगळी साधनं तिथे आहेत. पाणिनी आणि मीमांसा दोन्ही पचवलेल्या माणसांनी कामाची अशी फोड केली, यात मला तरी नवल वाटत नाही.

पदार्थानुसमयाला एकच गोष्ट भारी पडते: आकार. पहिला हात फिरवायचा तर सगळा दस्तऐवज हाताशी लागतो. तो मेमरीत मावण्याइतका लहान नसेल, तर नोंद येईल तशी घ्यायची, तडीस न्यायची आणि विसरायची. कांडानुसमय इथे निवडीने येत नाही, नाइलाजाने येतो. तिसऱ्या आवृत्तीने यासाठीच स्ट्रीमिंग आणलं, आणि सोबत इटरेट हा आदेश. त्यात मागच्या फेरीतून पुढच्या फेरीत किंमत नेता येते, मधेच थांबताही येतं. चालती बेरीज, जी फॉर-ईचमध्ये अशी किंमत पुढे नेऊन जमत नव्हती, ती इथे सरळ होते. कट्टर मंडळींना हा शुद्धतेचा भंग वाटतो. मला वाटत नाही. इटरेटमध्ये पुढची फेरी मागच्या फेरीने दिलेल्या किमतीवर उभी असते आणि ते शैलीपत्रकात उघड लिहिलेलं असतं; तो अर्थक्रमच आहे. व्हेरिएबल तिथेही बदलत नाही, प्रत्येक फेरीला नवं मिळतं.

सॅक्सनने दिलेली असाइन ही सोय मात्र वेगळ्या जातीची. आधी मांडलेल्या व्हेरिएबलची किंमत ती खरोखरच बदलते, आणि ‘शक्यतो वापरू नका’ हे सॅक्सनच्या माहितीपत्रकातच बजावलेलं होतं. तिच्यामुळे चालती बेरीज फॉर-ईचमध्येही जमते. पण मग तोच फॉर-ईच थ्रेडवर टाकता येत नाही, न लागणारं व्हेरिएबल वगळता येत नाही, दोन सारख्या हाकांची एक करता येत नाही. प्रोसेसरला दर ठिकाणी आधी पाहावं लागतं, की इथे कुणी काही बदलून तर गेलं नाही ना. एका बेरजेसाठी एवढं गमावणारी शैलीपत्रकं अजून चालू आहेत. त्यातली बरीचशी इटरेटवर किंवा साध्या सम फंक्शनवर नेता येतात. यादीखाली एकूण पानांचा आकडा हवा असेल, तर बहुतेक वेळा सम एवढंच पुरतं.